नाव बदललं, पट्टा राहिला

माझ्या वहिनीच्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. साफ चूक. नाकावर राग असलेली माणसं चार शब्द बोलून मोकळी होतात. वहिनीचा राग आत मुरत राहतो, आणि ती तो बाहेर काढते तेव्हा समोरच्याला आठवतही नसतं की आपण नक्की केलं काय होतं. एकदा एका गिऱ्हाइकाने तिच्या दुकानापुढे उभं राहून विचारलं, "बाईमाणसाला जमेल का हो चाक बसवायला?" ती काही बोलली नाही. चाक बसवून दिलं. पुढे केव्हातरी तोच माणूस घामाघूम होऊन आला, गाडी सुटायला आलेली आणि बॅगेची चेन मधोमध फाटलेली. वहिनीने त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि इतक्या निवांतपणे कामाला लागली की त्याची गाडी गेली. "बाईमाणूस ना, वेळ लागतो," म्हणाली. पैसे मात्र घेतले नाहीत. उट्टं काढताना ती हिशेब चोख ठेवते.

ती बॅगा दुरुस्त करते. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधली जागा, वर पत्रा, आत एक शिलाई मशीन, आणि खिळ्यांना टांगलेली हँडलं, पट्टे, चाकं. शहर सोडून जाणारा प्रत्येक माणूस आदल्या दिवशी तिच्याकडे येतो आणि शहरात नव्याने उतरणाराही, कारण बॅग वाटेत कुठेतरी मोडतेच. तिचा एक नियम आहे. भरलेली बॅग ती हातात घेत नाही. "तुमच्या हाताने रिकामी करा, मग द्या," म्हणते. लोक तिथेच बाकड्यावर सामान काढतात, आणि सामान काढता काढता बोलायला लागतात. हे कशाला घेतलं, ते कुणी दिलं, कोण सोडायला येणार नाहीये. वहिनी मान खाली घालून आरीने भोकं पाडत असते आणि सगळं ऐकत असते.

मी तिची सख्खी नणंद. नवऱ्याची बदली याच शहरात झाली तेव्हापासून दुपारी मी तिच्या दुकानात बसते. तेव्हा मी जे सांगते आहे त्यात नणंदेचा हात थोडा सैल सुटला असेल, तेवढं समजून घ्या. पण खोटं काही नाही.

संशोधनबाई पहिल्यांदा आली ती निखळलेलं चाक घेऊन. विद्यापीठात शिकवायची. लोक घर का सोडतात, निघताना काय बरोबर घेतात, काय मागे ठेवतात, यावर तिचा अभ्यास चालला होता. वहिनीचं दुकान पाहून तिला घबाड सापडल्यासारखं झालं. चाक बसलं तरी बाई हलेना. दुसऱ्या दिवशी परत आली, मग येतच राहिली. स्टुलावर बसायची, छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र बाकड्यावर ठेवायची, वहिनीच्या डब्यातलं हक्काने खायची. आणि खरं सांगायचं तर वहिनीला ती आवडली. वहिनीला माणसं सहसा आवडत नाहीत, म्हणून मी लक्षात ठेवलं. बाई येणार असली की वहिनी केस विंचरून बसायची.

अशाच एका दुपारी, मी नव्हते तेव्हा, वहिनीने तिला ते सांगितलं. आणि बाईने मागितली म्हणून माळ्यावरची जुनी तपकिरी बॅगही काढून दिली. "अभ्यासाला लागते," असं आम्हाला सांगितलं. कुठेतरी सही केली. "तुमचं नाव कुठेही येणार नाही हं," बाई म्हणाली होती, आणि ती या शब्दाला जागली, हे मला मान्य आहे.

आता त्या बॅगेचं सांगायला हवं. माझा दादा या शहरात आधी एकटा आला. लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकला, खोली मिळवली. घर सोडायच्या दिवशी त्याने पाहिलं की मागे राहणाऱ्या बॅगेचं हँडल तुटलंय. आपण बोलावलं की आई आणि बायको ही बॅग उचलून येणार, त्यांचे हात दुखायला नकोत, म्हणून त्याने कमरेचा पट्टा काढला, दुमडला, आणि तारेने घट्ट आवळून त्याचं हँडल केलं. पँट एका हाताने धरून गाडीत चढला. आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती की पोरंही पुढचं वाक्य आधी म्हणायची.

मग त्याने दोघींना बोलावलं. आली एकटी वहिनी. "आई घर सोडायला तयार नाहीत," म्हणाली.

दादाला वाईट वाटलं, मग राग आला. आईचा हट्ट, दुसरं काय! मीसुद्धा सासरहून तेच म्हणत राहिले, म्हातारीने हट्ट सोडला नाही. पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात आई गेली, एकटीच. आम्ही घर आवरायला गेलो तेव्हा तिच्या वस्तूंचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं होतं. आम्हाला वाटलं, आवराआवर करत असेल.

संशोधनबाईचं म्हणणं असं की संशोधन कपाटात पडून राहू नये, सामान्य लोकांपर्यंत पोहोचलं पाहिजे. चांगलं म्हणणं आहे. त्यासाठी तिने शहराच्या मोठ्या वाचनालयात वरच्या मजल्यावर प्रदर्शन मांडलं. फुकट, कुणीही यावं. काचेच्या पेट्यांत लोकांनी घर सोडताना आणलेल्या वस्तू, प्रत्येकीजवळ एक बटण. दाबलं की त्या माणसाची गोष्ट ऐकू येते, त्याच्याच शब्दांत, फक्त आवाज नट-नट्यांचा. नाव, वय, गाव, धंदा, सगळं बदललेलं. किती काळजी घेतली होती! आणि पेटीत ठेवली होती आमची बॅग. बायका-माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून इतकी मेहनत घेणाऱ्या त्या शिकल्यासवरल्या लोकांना एकाही बैठकीत सुचलं नाही की बॅगसुद्धा ओळखू येते.

वाचनालयाची लिफ्ट अडकली. दुरुस्तीला कोण गेलं असेल? आमचा दादा.

काम संपवून तो हात पुसत बाहेर आला आणि समोर त्याचा पट्टा. काचेत, खाली पिवळा दिवा लावलेला. बाजूला पाटी होती, 'या बॅगेबरोबर एक स्त्री या शहरात आली. नाव बदललेले आहे.' दादाचा जन्म बटणं दाबण्यात गेला आहे. बटण दिसलं की चालतं का बघायला तो दाबणारच. त्याने दाबलं. कुणा नटीच्या गोड आवाजात त्याला ऐकू आलं, "नवऱ्याने दोघींना बोलावलं होतं. सासूला मी सांगितलं, तिथे जागा नाही, सोय झाली की नेऊ तुम्हाला. नवऱ्याला सांगितलं, त्या घर सोडायला तयार नाहीत. मला एकदा तरी सकाळी कुणी हाक न मारता उठायचं होतं हो. एकदा तरी."

दादा म्हणतो, त्याने ते परत परत दाबलं. शेवटी मागे रांग लागली म्हणून बाजूला झाला.

त्या दिवसापासून दादाने वहिनीशी बोलणं टाकलं. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने मिठाची गुळणीच धरली. मी त्यांच्याकडे गेले की समोरासमोर जेवायला बसायचे आणि दादा मला म्हणायचा, "तिला सांग, उद्या डबा नको." वहिनी दोन हातांवर. मी म्हणायची, "वहिनी, उद्या डबा नको." ती मला म्हणायची, "का नको ते विचार." मी मधल्या मध्ये टपाल. हसू नका, मलाही हसू येत नव्हतं. गेली ती माझी आई होती.

मी दुकानात जायची बंद झाले, आणि मग परत जायला लागले. का, तर मला तिचं तोंड पडलेलं पाहायचं होतं. सरळच सांगते. एके दिवशी तीच म्हणाली, "मनात ठेवू नकोस. बोल काय ते."

मी बोलले. गाठोड्याबद्दल बोलले, दाराशी बांधून ठेवलेल्या. म्हटलं, "ती वाट बघत बसली आणि आम्ही तिला हट्टी म्हणत राहिलो. तू आम्हाला आमच्या आईवर रागावायला लावलंस, वहिनी." ती खाली मान घालून रनर चेनमध्ये बसवत होती. तो बसत नव्हता. तिच्या हातून रनर न बसणं म्हणजे काय, ते गल्लीत कुणालाही विचारा.

"गाठोड्याचं मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाली. मग पक्कड खाली ठेवून, "तुझं झालं? आता मी तिच्याकडे बघते."

तिने डूख धरला तो असा. मला वाटतं, स्वतःला शिक्षा करता येईना, म्हणून तिने बाईला धरलं. पण बाईनेही केसाने गळा कापला होताच की.

आम्ही दोघी विद्यापीठात गेलो. बाईने खुर्च्या दिल्या, चहा मागवला. वहिनीने सांगितलं की नवरा बोलत नाही. बाईचा चेहरा उतरला, पण तोंडून निघालं काय? "पण आम्ही नाव बदललं होतं ना!"

"पट्टा नाही बदललात," वहिनी म्हणाली.

बाईने आपला कप बाजूला सारला. मग पुढे वाकून, वहिनीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्हाला कल्पना नाही, लोकांना तुमची गोष्ट किती भिडते. सगळ्यात जास्त गर्दी तुमच्याच बॅगेपाशी असते. बायका रडतात अक्षरशः."

मी वहिनीकडे पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती चक्क हसली. "हो का?" म्हणाली, "मग ठीक आहे." चहा संपवला, कप उचलून टेबलाच्या मधोमध नीट ठेवला. मला तिथेच कळलं की या बाईची गाडी चुकणार.

प्रदर्शन उठायच्या आधी मोठा कार्यक्रम ठरला. वस्तू ज्यांच्या त्यांना समारंभाने परत द्यायच्या आणि ज्यांना वाटेल त्यांनी दोन शब्द बोलायचे. बाई स्वतः आमंत्रण द्यायला आली. येताना स्वतःची मोठी जांभळी बॅग घेऊन आली, चाक पुन्हा डगमगत होतं. ती लवकरच परदेशी नोकरीला जाणार होती. वहिनीने राग सोडला असं तिला वाटत होतं. बिचारी. बॅगेच्या हँडलवर मोरपंखी लोकरीचं विणलेलं वेष्टण होतं, हात दुखू नये म्हणून तिच्या आईने विणून चढवलेलं.

ती गेल्यावर वहिनी त्या लोकरीवर अंगठा फिरवत बसली. "तुला माहीत आहे," मला म्हणाली, "मी माझं सांगितलं ना, त्या दिवशी ही याच स्टुलावर रडली होती. आपलंही सांगितलं. तिकडच्या कायद्यात आईला नेता येतं. आईने विचारलं तर हिने सांगितलं, कायद्यात बसत नाही. म्हणाली, 'मला एकदा एकटीने जगून बघायचंय, तुम्हालाच कळेल ते.'"

"मग?"

"मग काय. तेव्हा यंत्र बंद केलं होतं तिने." वहिनीने चाक काढून हातात फिरवून पाहिलं. "मी पण नाव बदलीन की."

मी तिला अडवायला हवं होतं का? मला तर उकळ्या फुटत होत्या. दोघींचीही जिरलेली मला हवी होती आणि एकाच सभागृहात दोघी सापडणार होत्या.

कार्यक्रमाला दादा आला. वहिनीसाठी नाही. "मला माझा पट्टा परत हवाय," मला म्हणाला. शेवटच्या रांगेत, दारापाशी बसला. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत बाईची आई बसली होती, लहानखुरी, पांढऱ्या केसांची, लेकीची भाषणं ऐकताना ओठ हलवणारी, आपणच बोलत असल्यासारखी. भाषणं झाली. संशोधन लोकांत कसं न्यावं, लोकांचा आवाज लोकांना कसा परत द्यावा. टाळ्या झाल्या. मग वहिनीचं नाव पुकारलं.

ती जांभळी बॅग ओढत मंचावर गेली. चाक लोण्यासारखं फिरत होतं. बाई कौतुकाने म्हणाली, "अय्या, इथेच आणलीत?" वहिनीने बॅग उचलून टेबलावर ठेवली, हँडल लोकांकडे करून. खिशातून कागद वगैरे काही काढलं नाही. प्रदर्शनातली पाटी तिला तोंडपाठ होती.

"या बॅगेबरोबर एक स्त्री लवकरच दूर देशी जाणार आहे," ती म्हणाली. "नाव बदललेले आहे."

लोक हसले. कार्यक्रमाचाच भाग वाटला त्यांना. बाईसुद्धा हसली, आणि मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं. वहिनीने आवाज चढवला नाही. त्या नटीसारखा गोड काढला. "तिच्या आईने विचारलं, मला नेशील का? तिने सांगितलं, कायद्यात बसत नाही. कायद्यात बसतं. पण तिला एकदा एकटीने जगून बघायचंय हो. एकदा तरी." थांबली. मग बाईकडे वळून अगदी आदराने म्हणाली, "लोकांना भिडते की नाही बघा."

आणि खाली उतरली.

मला काय वाटलं ते लपवणार नाही. गार वाटलं. बाई पांढरीफटक पडली होती, माइक हातात तसाच होता. विद्यापीठातले लोक आधी बॅगेकडे, मग एकमेकांकडे बघत होते. ती बॅग त्यांनी विभागात कितीदा पाहिली असेल. मनात म्हटलं, आता कळलं ना पेटीत बसल्यावर कसं वाटतं?

तेवढ्यात पहिल्या रांगेतली म्हातारी उठली. हळूहळू टेबलापाशी गेली. तिने हँडलवरची लोकर चाचपली, एका बाजूला टाका सुटला होता तो बोटाने आत ढकलला. "सैल झालंय," म्हणाली, कुणाला ते कळलं नाही. मग मान वर करून लेकीला विचारलं, "बसतं होय कायद्यात?"

लेकीने माइक खाली केला. म्हातारीने मान हलवली, ठीक आहे म्हटल्यासारखी, आणि परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. पर्स मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले. अशी बसली की जणू कुणी हाक मारली तर लगेच निघता यावं.

मला एकदम ते गाठोडं दिसलं. माझ्या जिवातला गारवा गेला तो गेलाच.

सगळे घाईने पांगले. आम्हाला बॅग परत मिळाली. दादा लिफ्टपाशी गेला, आम्ही मागोमाग. आत तिघंच होतो. बॅग वहिनीच्या हातात होती, आणि तिची मान ताठ होती. जिंकून आलेल्या माणसाची असते तशी. दादाने बटण दाबलं. लिफ्ट उतरायला लागली तसा तो दाराकडे तोंड करूनच बोलला.

"त्या म्हातारीचं काय चुकलं होतं?"

इतक्या महिन्यांनी तो तिच्याशी बोलला तो हा प्रश्न. मी सवयीने तोंड उघडलं, तिला सांगायला, आणि मिटून घेतलं. हा निरोप मी पोहोचवायचा नव्हता.

वहिनीची मान ताठच होती. पण तोंड उघडेना. दुकानात माणसाची गाडी चुकवणारी बाई, मंचावर भरल्या सभागृहाला गप्प करणारी बाई. खालचा मजला आला. दार उघडलं, बाहेर थांबलेले लोक आत यायला लागले. दादाने दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं आणि लोकांना हाताने थांबवलं. बाहेर पडला नाही, वळलाही नाही.

"काही नाही," वहिनी म्हणाली. मला तिचा आवाज ओळखू आला नाही. "त्यांचं काही चुकलं नव्हतं." मग बॅग खाली ठेवली. "अहो, आईंचंही नव्हतं. त्या येते म्हणाल्या होत्या."

दादाने बटणावरचं बोट काढलं नाही. दुसऱ्या हाताने बॅग उचलली, पट्ट्याला धरून, आणि आम्ही दोघी बाहेर पडेपर्यंत दार धरून ठेवलं.